लुगड्याआडचं दुखणं

मी बेळगावच्या शहापुरात लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचं घराणं विणकरांचंच, पण माझ्या आजोबांनी माग सोडला आणि वडील खानापूरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर झाले. मुलगी सातवी पास झाली याचा त्यांना कोण अभिमान! सासरी मात्र त्या सातवीचं कुणाला काही पडलं नव्हतं. घरात चार माग होते आणि मागांना कांड्या भरणारी सून हवी होती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या पोटात बसणाऱ्या त्या बोटाएवढ्या कांड्या. रहाट फिरवून त्यांच्यावर सूत गुंडाळायचं. सूत सैल बसलं तर मागावर गुंता होतो, फार ताणलं तर तुटतं. पहिले आठ दिवस माझ्याकडून दोन्ही होत होतं.

मला ते काम शिकवलं माझ्या थोरल्या जावेनं. मी तिला आक्का म्हणायचे. हुक्केरीकडची, उंच, हाडापेरानं मोठी. हात पुरुषासारखे रुंद, पण सुताला लागले की इतके हलके की बघत राहावं. मोजायची ती कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, आणि रागवायची मराठीत.

"हात सैल सोड गं, धाकटे. सूत काय पळून जातंय व्हय?"

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. सकाळी मागांचा खटखटाट सुरू झाला की दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचा नाही. आम्ही दोघी माजघराच्या दारात रहाट घेऊन बसायचो. खळीचा आंबूस वास, रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी, घरामागच्या परड्यातल्या शेवग्यावरचे पक्षी. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून आक्कानं मला ओठ बघून बोलणं ओळखायला शिकवलं होतं. सासूबाईंच्या समोर बसून आम्ही त्यांच्याचबद्दल बोलायचो आणि त्यांना पत्ता नसायचा. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. कडक बाई. सासरे गेल्यावर सगळं घर आणि चारही माग त्यांनी सांभाळले होते. बाजाराला खासबागेत जायचं झालं की त्या आम्हा दोघींना मिळून पाठवत. येताना आक्का पदरात चुरमुरे आणि ओली मिरची बांधून आणायची आणि घर यायच्या आत ते संपवायचे, हा आमचा नियम. माझ्या आयुष्यात नंतर चांगलं खाणं पुष्कळ आलं. पण त्या रस्त्यावर, डोळ्यांत पाणी येईस्तोवर मिरची चावत हसलो, तेवढं हसू पुन्हा आलं नाही.

आक्काचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, यांना घरात सगळे अण्णा म्हणत. विणलेली लुगडी गाठोड्यात बांधून ते निपाणीला घेऊन जात. तंबाखूच्या हंगामात तिथे माणसांचा पूर असे, बाजार फुललेला असे. अण्णा तिथे दोन-दोन, तीन-तीन आठवडे राहत. आले की घरात गोडधोड व्हायचं आणि आक्का केसांना तेल लावून नीट अंबाडा घालायची. तिला चार वर्षांत मूल झालं नव्हतं. त्यावरून आत्याबाई अधूनमधून बोलत, पण बेतानं.

असेच एकदा अण्णा चार दिवस राहून परत गेले आणि त्यानंतर आठवडाभरानं आक्काला ताप भरला. अंग मोडून आलं, जांघेत अवधाण येऊन गाठी सुजल्या. तरी ती रहाटावर यायची, पण बसायची नाही. उभ्या-उभ्या लडी सोडवायची, मला सूत देत राहायची. मी विचारलं की म्हणायची, "पाठ धरलीया." एकदा मी पाणी घेऊन न्हाणीकडे गेले तर आतून कण्हण्याचा आवाज आला. दात आवळून कुणी रडतं तसा. मी दार ढकललं. आक्का भिंतीला धरून बसली होती आणि तांब्यानं स्वतःच्या अंगावर थंड पाणी ओतत होती.

"मुताया बसलं की आग पडती गं," ती म्हणाली. "पाणी वतत वतत बसलं तर जरा सोसतं. फोडं आल्यात. बारकी बारकी, पाण्यानं भरल्यात. झुपकाच्या झुपका."

मला आधी वाटलं नागीणच आहे. त्याच पावसाळ्यात आत्याबाईंना कमरेवर नागीण झाली होती. सगळी गल्ली बघायला आली होती. डोकं आणि शेपूट एक झालं तर माणूस जातं म्हणे, म्हणून एका जाणत्यानं येऊन गेरूनं दोन्ही बाजूंना रेघा ओढल्या होत्या. आत्याबाई पुढच्या सोप्यात पालथ्या निजून येईल त्याला आपली कंबर दाखवत होत्या. त्या दुखण्याला केवढा मान होता! आणि इकडे आक्का मला म्हणत होती, "कुणाला सांगू नगं. तुला माझ्या गळ्याची आण हाय."

पण घरात एकच न्हाणी, लपणार किती? आत्याबाईंना कळलं. त्यांनी आधी मायेनंच घेतलं. "उष्णता झालीया. धण्याजिऱ्याचं पाणी पी, उतरंल." धण्याजिऱ्याच्या पाण्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढच्या औषधानं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी जडीबुटी द्यायची. तिनं तुपात कालवलेलं निळसर औषध दिलं. नंतर कळलं, त्यात मोरचूद होता. आक्कानं ते फुटलेल्या फोडांवर लावलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून ती माजघरात लोळली. मी तिचे पाय धरून बसले होते. त्या औषधानं कातडी सोलून निघाली. फोड आपणहून बसायचे ते आणखी आठ दिवस चिघळले.

तरी तीन आठवड्यांत सगळं बरं झालं. आक्का पुन्हा बसू लागली, मोजू लागली. मी सगळं विसरूनही गेले. मधे अण्णा एकदा येऊन गेले. त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी पुरुषांना सांगायची रीतच नव्हती.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आलं. या वेळी ताप नव्हता, फोड थोडे होते, चार-सहा. पण आक्काचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "काल सांजच्यापास्नं तितं मुंग्या येत हुत्या. मला वळख लागली हुती." पाळीच्या दोन दिवस आधी आलं आणि सात-आठ दिवसांत गेलं. मग तिसऱ्यांदा आलं. तेव्हा मात्र आत्याबाईंचा आवाज बदलला.

"परत परत येतंय म्हंजे ही गरमीच हाय," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे गरमी म्हणजे बदफैलीतून होणारा रोग. तो शब्द कुणी घरात मोठ्यानं उच्चारत नसे. आत्याबाईंनी तो सुनेला लावला. पाळीत बाहेर बसलेल्या बाईसाठी परड्यातल्या पडवीत एक तांब्या, एक ताटली आणि एक कांबळं वेगळं ठेवलेलं असे. आक्का चौथ्या दिवशी न्हाली तरी तिला आत घेतलं नाही. तो तांब्या तिचाच झाला. सुताला तिचा हात लागू नये म्हणून रहाट माझ्या एकटीकडे आला. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता, म्हणून तिनं माझ्याजवळ यायचं नाही असंही ठरलं. मी जेवण घेऊन गेले की ती ताटली पुढे सरकवायची आणि दोन पावलं मागे व्हायची. माझी आक्का, जिच्या ताटात मी जेवले होते!

आणि मग माझी सातवी पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आली. आत्याबाईंनी मला दौत-टाक घेऊन बसायला सांगितलं.

"हिच्या बाला लिव. म्हणावं, लेक घिऊन जा. का ते भेटल्यावर सांगू."

मी म्हटलं, शाई वाळलीय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कागद नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी कागद आणून दिला. मी परड्यात जाऊन आक्काला ते सांगितलं. ती शेवग्याखाली शेंगा निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली,

"लिव की. तुझा काय दोष? पर एक सांग, धाकटे. मी या घराचा उंबरा वलांडून कुटं गेले? बाजाराला तुझ्याबरुबर, देवळात आत्याबाईबरुबर. मग माज्या अंगात ह्ये आलं कुटनं?"

आम्हा दोघींनाही उत्तर माहीत होतं. ते उच्चारायची हिंमत एकीतही नव्हती.

बेळगावात कॅम्पाच्या बाजूला बायकांचा एक दवाखाना होता आणि तिथे बाईच डॉक्टर आहे, हे मी माहेरी ऐकलं होतं. माझ्या आईच्या मैत्रिणीचं अडलेलं बाळंतपण तिनं सोडवलं होतं. मी त्या संध्याकाळी ह्यांना म्हटलं, माझं पोट दुखतंय, दवाखान्यात दाखवायला हवं. ते घाबरले. आत्याबाईही घाबरल्या, घरातलं पहिलं नातवंड होतं. पुरुषमाणसाला त्या दवाखान्यात आत जायची सोय नव्हती. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. मी म्हटलं, "आक्काला पाठवा माझ्याबरोबर. टांग्यात ती पुढे बसेल, मी मागे." आत्याबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काय समजायचं ते त्या समजल्या असाव्यात, असं आता वाटतं. म्हणाल्या, "जा."

शहापुरातून टांगा बाहेर पडला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आक्का माझ्याकडे वळून हसली. वाटेत मी तिला खरं सांगितलं. तेव्हा ती टांगा थांबवायला निघाली होती. "परक्या बाईपुढं लुगडं सोडू व्हय? मरंन पर..." मी तिचा हात धरून ठेवला. शिवायचं नाही असं ठरलेलं असताना धरला. ती हात सोडवायला बघत होती, मी सोडला नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील. धारवाडच्या बाजूच्या. पांढरं पातळ, चष्मा, मराठी पुस्तकी आणि कानडी हेलाची. त्यांनी मला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. मी उठले आणि म्हटलं, "बाई, दुखणं माझं नाही. हिचं आहे."

आक्का दारापाशी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी नर्सला बाहेर पाठवलं, दाराला कडी लावली आणि आक्काशी कानडीत बोलू लागल्या. आक्का दचकली. माहेरच्या भाषेत तिला कुणी कित्येक महिन्यांत काही विचारलं नव्हतं. हळूहळू ती बोलायला लागली. कधी आलं, आधी काय झालं, एक फोड की पुष्कळ, दुखतात की नाही, यायच्या आधी अंगाला कळतं का, पाळीच्या सुमाराला येतात का. इतके नेमके प्रश्न! आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यास्नी समदं आदीच ठावं हाय जणू." त्या वेळीही फोड होते, पहिलाच दिवस होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, साबणानं हात धुतले आणि आम्हा दोघींना समोर बसवून मराठीत सांगितलं, मलाही कळावं म्हणून.

"तुमच्या घरात कुणाला ताप गेल्यावर ओठावर फोड आले आहेत का?"

"व्हय," आक्का म्हणाली. "धाकट्या दिरास्नी, हिच्या मालकास्नी. दर हिवाळ्याला. 'जर मुतला' म्हंत्यात, ताप मुतला."

"मग त्यांना कुणी परड्यात ठेवलं का?"

आक्कानं नकारार्थी मान हलवली.

"हे त्याचंच भावंड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओठावर आलं तर लोक हसतात, खाली आलं तर बाईला घराबाहेर काढतात. गरमीचा व्रण बहुधा एकच असतो, कडक असतो आणि दुखत नाही. तुझे बारीक आहेत, घोसानं येतात, पाणी भरतं, फुटतात, आग होते. माझ्या मते ही गरमी नाही. पण डोळ्यांनी बघून शंभर टक्के सांगता येत नाही. रक्त पुण्याला पाठवू. उत्तर येऊ दे."

"आनि ह्ये जाईल कशानं?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. हे समूळ घालवणारं औषध माझ्याकडे नाही, म्हणाल्या. अंगात दबून राहतं, अंग थकलं, ताप आला, पाळी जवळ आली की वर येतं. पण पहिल्यासारखं जबर सहसा येत नाही, आणि वर्षं जातात तसं कमी होत जातं. मग काय करायचं ते सांगितलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून धुवायचं, मऊ कापडानं नुसतं टिपायचं, घासायचं नाही. सुती, सैल कापड, आणि ते उकळून उन्हात वाळवायचं. लघवीला बसताना पाणी ओतायचं. "ते तू आपणहून शोधलंस, शहाणी आहेस." फोडाला हात लागला तर धुवायचा, तो हात डोळ्याला लावायचा नाही. मोरचूद, चुना, बिब्बा, काही काही लावायचं नाही.

"आणि मुंग्या यायला लागल्यापासून खपली पडेपर्यंत नवऱ्याजवळ जायचं नाही. त्याला फोड असतील तेव्हाही नाही. तू म्हणायचं, नाही."

आक्का खाली मान घालून म्हणाली, "आसं कुटं म्हनता येतंय, बाई?"

"म्हणून बघ," त्या म्हणाल्या. "आणि त्यालाही दवाखान्यात पाठव. तुला झालं ते कुणाकडून तरी आलं आहे. कुठून आलं हे मी विचारत नाही. ते कदाचित त्यालाही कळलं नसेल."

तिथून निघताना आक्कानं विचारलं, "रहाटाला हात लावू का? सुतातनं दुसऱ्यास्नी जातंय?" त्या म्हणाल्या, "सुतातून नाही, ताटातून नाही, तांब्यातून नाही." टांग्यात बसल्यावर आक्कानं ते वाक्य दोनदा पुटपुटलं. मग म्हणाली, "लिवून दिलं असतं तर बरं झालं असतं."

रक्ताचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर मी आक्काच्या माहेराला पत्र लिहिलं नाही. आत्याबाईंनीही पुन्हा आठवण केली नाही. माझ्या 'पोटदुखी'साठी आम्ही दुसऱ्यांदा गेलो. रक्त निर्दोष होतं. डॉक्टरीणबाईंनी मी मागितलं म्हणून एका कागदावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या आणि खाली सही केली.

दुपारची वेळ होती. पुरुष जेवून जरा पडले होते, माग थांबले होते. मी आत्याबाईंपुढे तो कागद वाचून दाखवला. या बाईला गरमी नाही. हा साधा, परत परत येणारा फोडांचा आजार आहे. तिच्या हातचं खाल्ल्यानं, तिच्या शेजारी बसल्यानं तो होत नाही. नवऱ्याला तपासणीसाठी पाठवावे.

आत्याबाई म्हणाल्या, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. आक्का परड्याच्या दारात उभी होती. तिनं पदर डोक्यावर नीट ओढला आणि पहिल्यांदाच आत्याबाईंच्या डोळ्यांत बघून बोलली.

"आत्याबाई, मी कुटं गेले न्हाय. जो निपाणीला जातोय, त्येच्याबरुबर ह्ये आलंय. मी तुमच्या लेकाला शिव्या द्याया आले न्हाय. पर माजा तांब्या परड्यात ऱ्हाणार न्हाय आता."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. आत्याबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, परड्यात गेल्या, तो तांब्या आणि ताटली राखेनं घासली आणि माजघरातल्या फळीवर बाकीच्या भांड्यांत नेऊन ठेवली. मग आक्काला म्हणाल्या, "कांड्या सपल्यात. बस रहाटावर."

त्या दुपारी मागांच्या आवाजात मी आक्काचे ओठ बघत बसले. ती नुसती मोजत होती.

पंधरा दिवसांनी अण्णा आले. आत्याबाईंनी त्यांचं अंथरूण आपल्या हातानं सोप्यात टाकलं. अण्णा हसून म्हणाले, "ह्ये काय गं आई?" आत्याबाईंनी सगळ्यांना आत पाठवलं, पण आवाज भिंतीतून येतच होता.

"मला काय झाल्यालं न्हाय," अण्णा म्हणत होते.

"तुला काय झालं न्हाय, मग तिला काय वाऱ्यानं झालं? उद्या सकाळी दवाखाना. पुरुषांचा हाय न्हवं? तितं जायाचं. आनि डागदर सांगत न्हाय तवर हितंच निजायचं."

दुसऱ्या दिवशी आमचे हे त्यांना घेऊन गेले. काय झालं ते पुरुषांनी आम्हाला सांगितलं नाही. पण अण्णांचं निपाणीला राहणं कमी झालं, आणि पुढे तिथला एक दुकानदार स्वतःच येऊन माल नेऊ लागला. अण्णा दुष्ट माणूस नव्हते. आक्काला त्यांनी त्यानंतर कधी उणा शब्द बोललेला मी ऐकला नाही. पण काही तरी तुटलं होतं. एकदा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बोलते की त्यांच्यासंगट. हसते बी. पर पयल्यागत न्हाय गं. मुंग्या आल्या की 'न्हाय' म्हंते, आनि ते ऐकत्यात. त्येवडं बास झालं."

त्याच काळातली एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत नाही. कुणीच उरलेलं नाही. कागद वाचल्यानंतर महिनाभरानं, आक्का देवळात गेली असताना, आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी तांदूळ निवडत होते. त्यांनीही सुपात हात घातला. दोन-चार खडे काढले. मग खाली बघतच म्हणाल्या,

"त्या पान्यात मीठ किती घालायचं म्हणाली ती बाई?"

मी सांगितलं, तांब्याभर पाण्याला चमचाभर.

"हां," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "आमच्या वक्ताला कोन सांगनार? मी बी ह्येच देवाचा कोप म्हनून सोसलं. तुजा सासरा बी फिरतीवरच असायचा." एवढं बोलून त्या उठल्या. मी हातातले तांदूळ तसेच धरून बसले. त्यांनी सुनेला परड्यात का बसवलं होतं आणि तो तांब्या स्वतःच्या हातानं का घासला, दोन्ही मला एकदमच कळलं. तोपर्यंत मला त्यांचा राग होता. त्या दिवसापासून तो धरून ठेवता आला नाही.

माझा मुलगा झाला. त्याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ते आक्कानं. आमच्या ह्यांना त्या हिवाळ्यात ओठावर जर मुतला तेव्हा तिनं त्यांना दारातच अडवलं. "भावजी, खपली पडंस्तोवर लेकराचा मुका घ्यायचा न्हाय." ते गोंधळून बघत राहिले आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पुढे लढाई आली, सुताची टंचाई आली, चारातले दोन माग बंद पडले. त्या ओढाताणीच्या दिवसांत आक्काला दिवस गेले. तिला त्या फोडांचीच धास्ती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कळा लागायच्या वेळी फोड असले तर बाळाला बाधू शकतं, असं नुकतं वाचनात आलंय, तेव्हा लपवायचं नाही, आल्याबरोबर सांगायचं. आमच्या घरात दवाखान्यात बाळंत झालेली ती पहिली बाई. टांग्यातून उतरताच, धापा टाकत, नर्सला तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "आदी बघा, फोडं हायत का." दोन वर्षांपूर्वी लुगडं सोडायच्या लाजेनं टांगा थांबवायला निघालेली हीच बाई! फोड नव्हते. मुलगी झाली, काळीसावळी, आईसारखी लांब हातांची.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षापर्यंत आमच्या गल्लीतल्या निदान सहा-सात बायका आक्काकडे येऊन गेल्या असतील. विरजण मागायला येत. विरजणाची वाटी हातात घेऊन उभ्या राहत, जात नसत. मग आक्का रहाट थांबवून म्हणे, "बोल." अर्ध्याअधिकींना भलतंच काही असे. त्यांना ती स्वतः काही सांगत नसे, माझ्याकडून दवाखान्याचा रस्ता समजावून देई. कुणी आधीच काही लावून आलं असेल तर मात्र चिडायची. माझी नात आता नर्स आहे. ती सांगते, यावर गोळ्या निघाल्यात, लवकर घेतल्या तर फोड लवकर बसतात. आणि फोड दिसत नसतानाही हे दुसऱ्याला लागू शकतं. आम्हाला हे दुसरं ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही नसावं. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी न लाजता सांगितलं, आणि तेवढ्या बळावर एक बाई तिच्या घरात राहिली.

आक्काची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाची एक दुपार आठवते. आम्ही दोघी परड्यात लडी वाळत घालत होतो. निळ्या सुताचा रंग तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. मध्येच थांबून ती म्हणाली, "धाकटे, ते अखेरचं कवा आल्तं गं? गेल्या दिवाळीला का त्याच्या आदी?"

मी आठवून बघितलं. मलाही सांगता येईना.

"मला बी आठवंना," ती म्हणाली, आणि पुढची लडी झटकून दोरीवर टाकली.